पाळणा, पाटी आणि तंबोरा



गावात कोणी सांगितले की माझी मुलगी डॉक्टरकी शिकते, तर ऐकणारा मान डोलावतो. वकिली म्हटले तरी डोलावतो. पण "मुलगी विद्यापीठात गाणे शिकते" किंवा "लहान मुले कशी वाढतात, ते शिकते" असे म्हटले की समोरचा माणूस जरा घुटमळतो. गाणे शिकायचे ते गुरूजवळ, मूल वाढवायचे ते आजीच्या नजरेखाली, आणि मास्तरकी? ती काय, वर्गात उभे राहिले की आपोआप येते! अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. या तिन्ही गोष्टींसाठी वर्ग असावेत, तास असावेत, परीक्षा आणि पदवी असावी, हे आपल्या देशात ज्या थोड्या ठिकाणी लवकर सुचले, त्यांत बडोदे शहर येते. त्या शहराचे आजचे अधिकृत नाव वडोदरा. परंतु मराठी माणसाच्या तोंडी ते बडोदेच राहिले आहे, म्हणून मीही बडोदेच म्हणेन.

या हकिकतीचा आरंभ मात्र आपल्या नाशिक जिल्ह्यात होतो. मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तिथल्या गायकवाडांच्या शेतकरी शाखेत ११ मार्च १८६३ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळ. १८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, गादीला वारस हवा होता, आणि महाराणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. हेच सयाजीराव महाराज. बडोद्यास आले तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ज्या वयात आपली मुले सहावी-सातवीत असतात, त्या वयात या मुलाने धुळाक्षरे गिरवली. शिकवायला इलियट नावाचे इंग्रज गृहस्थ, आणि राज्यकारभार समजावून द्यायला दिवाण सर टी. माधवराव. १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे हाती आली, तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते.

मला वाटते, उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षण वेगळ्या तऱ्हेने समजते. ज्याला पाचव्या वर्षी अक्षरे आली, त्याला वाचता येणे हे चालता येण्यासारखेच वाटते. ते कधी आले, कसे आले, काही आठवत नाही. बाराव्या वर्षी शिकलेल्याला मात्र प्रत्येक अक्षराचा घाम आठवतो. शिकवणारा चांगला असला तर काय होते आणि नसला तर काय होते, हेही त्याला ठाऊक असते. सयाजीरावांच्या पुढच्या कारभारात हे जागोजाग दिसते.

१८९३ मध्ये त्यांनी काठेवाडातील अमरेली गावी आणि आसपासच्या थोड्या खेड्यांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले. आधी एका कोपऱ्यात बी पेरून बघायचे, उगवले तर सारे रान पेरायचे, अशी ही शेतकऱ्याची रीत. १९०६ मध्ये तीच सक्ती सबंध संस्थानाला लागू झाली. मुलग्यांना सात ते बारा वर्षांपर्यंत, मुलींना सात ते दहापर्यंत. मुलींची दोन वर्षे कमी का, हे त्या काळच्या लग्नाच्या घाईवरून ओळखावे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. आता दंड म्हटले की गावकरी कुरकुरणारच. ढोरांमागे जाणारा पोरगा शाळेत बसला तर ढोरे कोण राखणार? हा प्रश्न खोटा नव्हता, आणि खेड्यातल्या गुरुजींना तो पुढेही कितीतरी वर्षे ऐकावा लागला. तरीही उदाहरण घडले होते. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. पुढच्या वर्षी सरकारने ते विधेयक पाडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण आणले. सबंध देशातल्या मुलांना हा हक्क कायद्याने मिळाला तो २००९ च्या कायद्याने, म्हणजे बडोद्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी.

कायदा झाला तरी शाळा मास्तरावाचून चालत नाही. एकदम एवढ्या शाळा उघडायच्या म्हणजे शिकवणारे किती लागतील! आणि नुसते शिकलेले लोक नकोत, शिकवायला शिकलेले हवेत. बडोद्याला आणखी एक अडचण आली. अंत्यज म्हणून दूर ठेवलेल्या जातींच्या मुलांसाठी दरबारने १८८० नंतर शाळा काढल्या, तर त्यांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. काही वर्षे मुसलमान शिक्षकांवर ते काम चालले, पुढे १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना मुद्दाम बोलावून घेतले. राजाची इच्छा आहे, तिजोरीत पैसा आहे, मुले दारात उभी आहेत, आणि अडते कुठे, तर मास्तराच्या मनात! शिक्षकाला काय शिकवावे या विषयावर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण मला त्या सर्वांचे मूळ या एका गोष्टीत दिसते.

याच बडोद्याने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठवले. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास परतले, तेव्हा त्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळू नये! दरबार एक वाट चालत होता आणि गल्ली दुसरी. सयाजीरावांच्या कामाचे गुणगान करताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

आता गाण्याकडे वळू. इथे गोष्ट मोठी रंगतदार आहे.

बडोदे दरबारात गवई, वादक, नर्तकी, तमासगीर यांचे एक खातेच होते. त्याला कलावंत कारखाना म्हणत. कारखाना हा शब्द ऐकून हसू नका. पागा, फरासखाना, तसाच हा कलावंतांचा कारखाना; पगारपत्रक, हजेरी, सगळे चोख. या दरबारात मौलाबक्ष नावाचे एक नामांकित गायक होते. उत्तरेची गायकी त्यांना येत होतीच. पण दक्षिणेत जाऊन त्यांनी कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला आणि म्हैसूर दरबारात मान मिळवला. दक्षिणेत संगीताला शास्त्राची शिस्त आहे, ती त्यांच्या मनात भरली असावी. १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात गायनशाळा उघडली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय १९०१ चे, हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याने किती आधी पाऊल टाकले ते कळते.

शाळा म्हटली की फळा आला, पुस्तक आले. मौलाबक्षांनी चिजा लिहून ठेवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी बसवली. आज आपणांस यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी उस्तादाची चीज म्हणजे घरातले सोने. ती मुलाला द्यायची, जावयाला द्यायची, फार झाले तर गंडा बांधलेल्या शागिर्दाला, तीही बारा वर्षे सेवा करून घेतल्यावर. अशी चीज फळ्यावर लिहून तीस मुलांना एकदम शिकवायची म्हणजे घरची तिजोरी चव्हाट्यावर उघडणेच. कित्येक खानदानी गवयांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणे असे, की मींड कागदावर कशी उतरेल? आंदोलन शाईने कसे दाखवाल? आणि हे म्हणणेही खोटे नव्हते. स्वरलिपी म्हणजे गावाचा नकाशा. नकाशा हाती असला तर माणूस गावापर्यंत पोचतो. पुढे कोणाचे घर कुठे, हे गावातल्या माणसालाच विचारावे लागते. पण नकाशाच नसेल तर परगावच्या माणसाने यावे कसे? गवयाच्या घरी न जन्मलेल्या मुलाला गाण्याच्या गावात येण्याची वाट या गायनशाळेने करून दिली. मौलाबक्षांचे नातू इनायत खान याच वातावरणात वाढले आणि १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेस गेले. पाश्चात्त्य देशांत सुफी विचार पोचवणारे म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते.

मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे गावोगाव फिरून उस्तादांकडून चिजा मिळवीत होते आणि लिहून काढीत होते. पुढे त्यांनी त्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या, त्याही मराठीतून. अखिल भारतीय संगीत परिषद भरवायचे त्यांनी मनात आणले, तेव्हा पहिली परिषद भरली ती १९१६ मध्ये बडोद्यात, सयाजीरावांच्या आश्रयाखाली. पुस्तकवाले पंडित आणि घराणेदार उस्ताद एका मांडवात बसले. वाद झालेच असणार; गवई एकत्र आले आणि वाद झाला नाही, असे कुठे घडते काय? पण लेखणी आणि गळा यांची समोरासमोर भेट झाली. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खान दरबारचे गायक म्हणून बडोद्यातच राहिले आणि १९५० मध्ये तिथेच वारले. म्हणजे शाळेत स्वरलिपी आणि त्याच शहरात फैयाज खानांची प्रत्यक्ष गायकी, असे दोन्ही बडोद्याच्या विद्यार्थ्याच्या कानी पडत होते. मला वाटते, बडोद्याचे खरे भाग्य या जोडीत आहे.

नृत्याची वाट निराळी. १८८० मध्ये सयाजीरावांचा पहिला विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. त्याच पुढे पहिल्या महाराणी चिमणाबाई. तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते हे आपणांस ठाऊक आहेच. या लग्नाबरोबर तिकडचा नृत्याचा ताफा बडोद्यास आला: नर्तकी, त्यांचे नट्टुवनार म्हणजे ताल धरणारे गुरू, आणि वादक. आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात ते नृत्य अशा रीतीने गुजरातेत एका मराठी दरबारात नांदू लागले. या मंडळींना बडोद्यात तंजोरकर म्हणत. त्यांच्यातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या संगीत-नृत्य महाविद्यालयात नृत्य शिकवू लागले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. ज्या बायकांनी हे नृत्य पोटाशी धरून जपले, त्यांना समाजाने घरात घेतले नाही. त्यांच्या दारावरून जाताना लोक नजर चुकवीत. तेच नृत्य विद्यापीठात गेले, त्याला पदवी मिळाली, मग चांगल्या घरच्या मुली ते शिकू लागल्या आणि आईबाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू लागले. विद्यापीठाने कलेवरचा डाग पुसला, हे फार मोठे काम झाले. डाग लावला होता कोणी, आणि तो ज्यांनी जन्मभर सोसला त्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र अभ्यासक्रमात सहसा येत नाही.

असो. आता विद्यापीठाकडे येऊ.

बडोद्यात कॉलेज १८८१ पासून होते. ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले. अरविंद घोष तिथे इंग्रजी शिकवीत. आणि पुढच्या काळात आपले चिमणराव ज्यांच्या लेखणीतून उतरले ते चिंतामण विनायक जोशी तिथे पाली शिकवीत. पालीच्या वर्गात विद्यार्थी किती हसत असतील, कोण जाणे! बडोद्याचे स्वतःचे विद्यापीठ असावे, हे सयाजीरावांच्या मनात पुष्कळ वर्षे होते. १९२६ मध्ये विजरी यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी त्यासाठी एक आयोगही नेमला. पण विद्यापीठ पाहण्यास महाराज राहिले नाहीत. १९३९ मध्ये ते निवर्तले.

पुढे स्वातंत्र्य आले, संस्थाने विलीन होऊ लागली. नातू प्रतापसिंहराव गादीवर होते. तारखा नीट ऐका. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मध्ये फक्त एक रात्र! राज्याने जाता जाता केलेल्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी हे एक. आणखी अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचेही दोन भाग झाले आणि बडोदे गुजरातेत गेले.

पहिल्या कुलगुरू कोण? एक बाई. हंसाबेन मेहता. स्त्रिया आणि पुरुष एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आपल्या देशात बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी बडोदे कॉलेजातच शिकली. त्याआधी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्याही त्या कुलगुरू होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना "सर्व पुरुष" असा अर्थ निघणारे शब्द काढून "सर्व मानव" असे शब्द घालावेत, हा आग्रह त्यांनी धरला आणि १९४८ च्या जाहीरनाम्यात तसे शब्द आले. बडोद्यात त्या १९५८ पर्यंत कुलगुरू होत्या.

या नव्या विद्यापीठात काय काय घेतले, ते बघा. जुनी गायनशाळा आत आली. तिचे भारतीय संगीत, नृत्य आणि नाट्य महाविद्यालय झाले, आणि पुढे त्याचीच स्वतंत्र विद्याशाखा. सुरसागर तलावाच्या काठी ती आहे. नाटकाचे शिक्षण सुरू झाले, त्यात गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांचा हात होता, आणि ते तर आकाशवाणीतलेच अधिकारी! नृत्यात कलाक्षेत्रात तयार झालेले सी. व्ही. चंद्रशेखर पुढे प्राध्यापक आणि अधिष्ठाता झाले. माध्यमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज संस्थानने १९३५ मध्ये काढले होते, तेही विद्यापीठात आले आणि शिक्षण व मानसशास्त्र अशी विद्याशाखा झाली. पाठ टाचण आणि सराव पाठ या पलीकडे जाऊन, मुले नापास का होतात, शाळा का सोडतात, असल्या प्रश्नांवर तिथे संशोधन सुरू झाले. प्राध्यापक एम. बी. बुच यांनी देशभर झालेल्या शिक्षणविषयक संशोधनाची एकत्र पाहणी संपादून १९७४ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध केली. ज्या गुरुजींना एम.एड. करायचे असेल त्यांना बुच हे नाव परके वाटणार नाही.

राहिला पाळणा.

१९५० मध्ये बडोद्यात गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. तेव्हा लोक म्हणत, भाजी चिरायला विद्यापीठ कशाला? पण त्या शाखेत बालविकास हा विभाग होता, आणि त्याचे काम भाजी चिरण्याचे नव्हते. विभागाला जोडून चेतन बालवाडी होती. तिथे विद्यार्थिनी मुलांमध्ये वावरत, त्यांचे खेळणे, भांडणे, बोलणे पाहत आणि टिपून ठेवीत. पुढे या विषयाची व्याप्ती वाढली. माणूस काही सहाव्या वर्षी वाढायचा थांबत नाही. तरुणपण, संसार, म्हातारपण, हे सारे अभ्यासात आले आणि विभागाचे नाव मानव विकास आणि कुटुंब अभ्यास असे झाले.

या विभागातले एक काम खेड्यातल्या श्रोत्यांनी मुद्दाम ऐकावे. मूल केव्हा मान धरते, केव्हा बसते, आवाजाकडे केव्हा वळून बघते, पहिला शब्द केव्हा बोलते, याची मापे तेव्हा हाताशी होती ती परदेशी मुलांची. अमेरिकेत नॅन्सी बेली यांनी अशी मापनश्रेणी तयार केली होती. पण कॅलिफोर्नियातल्या मुलाचे माप बडोद्यातल्या, साकोलीतल्या मुलाला लावायचे कसे? प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांच्या प्रत्यक्ष पाहणीवरून आपल्या मुलांसाठी मापे बसवली. एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या वाढीवरचे त्यांचे पुस्तक १९७० मध्ये निघाले. त्यांच्या श्रेणीत हातापायांच्या हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ बाबी आहेत.

आता कोणी म्हणेल, आमच्या आजीला हे सारे पुस्तकाशिवाय येत होते. येत होते, यात शंका नाही. दहा नातवंडे मांडीवर खेळवलेली बाई ती. पण मूल दीड वर्षाचे झाले, हाक मारली तरी वळत नाही, तेव्हा हीच आजी म्हणते, "काळजी करू नका, याचा बापही उशिरा बोलला." दहांतल्या नऊ वेळा ती बरोबर ठरेल. दहाव्या वेळी ते मूल ऐकू न येणारे असेल, आणि त्याची दोन-तीन मोलाची वर्षे धीर धरण्यातच जातील. आजीने आपल्या घरची मुले पाहिलेली असतात. शास्त्राने हजार घरची पाहून ठेवलेली असतात. दोघींनी शेजारी बसावे, एकीने दुसरीला उठवू नये.

महाराष्ट्रातही ही वाट अनोळखी नव्हती. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघांच्या साथीने १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. संगीत-नृत्य-नाट्याच्या विद्यापीठीय शिक्षणात आपण काहीसे मागून आलो. पुणे विद्यापीठ १९४९ चेच, बडोद्याच्या बरोबरीचे. पण त्याचे ललित कला केंद्र निघाले १९८७ मध्ये.

आणि फाटकांची ती मापनश्रेणी? तिची सुधारलेली आवृत्ती १९९७ मध्ये निघाली, ती पुण्याहून. जन्मतः कमी वजनाच्या किंवा नाजूक बाळांची वाढ तपासताना बालरोगतज्ज्ञ ती वापरतात. बाळाला आईच्या मांडीवर बसवतात, समोर खुळखुळा धरतात आणि ते हात पुढे करते का, हे पाहतात.